संगणक-साहाय्यकाची पहिली परीक्षा



भोकर हें नांदेड जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी तेथें थांबते. आणखी थोडें पुढें गेलें कीं तेलंगणाची हद्द लागते. अशा गांवांतील एखाद्या सेवाकेंद्रांत जून महिन्याच्या सकाळीं काय घडतें, तें आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. दहावी-बारावीचे निकाल लागून गेले आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला यांसाठीं मुलांची आणि पालकांची रांग लागली आहे. दाखला छापून बाहेर येतो, आणि हातांत घेतांच त्यावरील अक्षरें बोटाला लागून पुसलीं जातात. केंद्रचालक प्रिंटर बंद करून पुन्हां चालू करतो, कागद बदलतो, आणि शेवटीं नवा टोनर आणावयास माणूस नांदेडला धाडतो. टोनर येतो, पैसे खर्च होतात, अर्धा दिवस जातो; आणि अक्षरें पूर्वीसारखींच पुसलीं जातात.

दोष टोनरमध्यें नव्हताच. लेझर प्रिंटरमध्यें टोनरची पूड कागदावर प्रथम नुसती विजेच्या आकर्षणानें बसलेली असते. तिला उष्णतेनें वितळवून आणि दाबून कागदांत पक्की करणारा भाग निराळा असतो. त्याला फ्यूजर म्हणतात. अक्षर उमटलें आहे, पण पक्कें झालेलें नाहीं, एवढें ज्याच्या ध्यानांत आलें त्याचा संशय टोनरवर जात नाहीं. तो थेट फ्यूजरकडे जातो. हा अनुमानाचा धागा ज्याला सांपडतो, तो खरा संगणक-साहाय्यक. त्याच्या विद्येची जी पहिली परीक्षा जगभर प्रचलित आहे, तिची तयारी आपल्याकडील मुलामुलींनीं कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या परीक्षेचें नांव 'ए प्लस'. अमेरिकेंत १९८२ सालीं स्थापन झालेल्या काँप्टिया नांवाच्या संघटनेनें ती १९९३ सालीं सुरू केली. तिला कोणतीही पदवी लागत नाहीं. मात्र नांव एक असलें तरी परीक्षा दोन आहेत, आणि दोन्ही उत्तीर्ण झाल्यावांचून प्रमाणपत्र मिळत नाहीं. प्रत्येक परीक्षेला ९० मिनिटें मिळतात आणि प्रश्न अधिकांत अधिक ९० असतात. गुण १०० पासून ९०० पर्यंतच्या मापांत देतात. पहिलींत ६७५ आणि दुसरींत ७०० मिळाले म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होतो. हे आंकडे टक्केवारीचे नव्हत, हें प्रथमच ध्यानांत ठेवावें. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'संगणकाची परीक्षा' म्हटलें कीं पालकांच्या मनांत एमएससीआयटी येते. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा तो अभ्यासक्रम मराठींतूनही शिकतां येतो, आणि त्यानें संगणक साक्षरतेचें मोठें काम केलें आहे. परंतु त्याचा हेतु संगणक वापरावयास शिकविणें हा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'कोपा' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम याच्या पुढें जातो. तरी त्याचा भरही संगणक चालविणें आणि कार्यक्रम लिहिण्यास हातभार लावणें यांवर आहे. ए प्लसचा प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याचा संगणक अडला असतां तो कां अडला हें शोधून काढून त्या माणसाचें काम पुन्हां सुरू करून देतां येईल काय, असें ती विचारते. मोटार हांकणें आणि मोटार दुरुस्त करणें यांत जितकें अंतर, तितकेंच हें अंतर आहे.

अभ्यासाची व्याप्ति काय, हें सांगणारी पत्रिका काँप्टिया फुकट प्रसिद्ध करते. कोणतेंही पुस्तक विकत घेण्यापूर्वीं ती मिळवावी. मार्च २०२५ मध्यें लागू झालेल्या आवृत्तीप्रमाणें पहिल्या परीक्षेंत यंत्राचे व नेटवर्कचे दोष शोधण्यास २८ टक्के, यंत्राच्या भागांस २५, नेटवर्कला २३, मोबाइल-लॅपटॉपसारख्या उपकरणांस १३ आणि आभासी यंत्रें व क्लाउड यांस ११ टक्के वांटा आहे. दुसरींत ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षितता यांस प्रत्येकीं २८, सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्यास २३ आणि कामाच्या रीतीस २१ टक्के आहेत. या आंकड्यांकडे नीट पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दोन्ही परीक्षांत जवळजवळ चौथा हिस्सा केवळ दोष शोधण्याचा आहे. तरीही आमचे विद्यार्थी आरंभ करतात तो पाठांतरापासून. कोणत्या पोर्टचा क्रमांक किती, कोणत्या केबलची लांबी किती, हें तोंडपाठ होतें. आणि 'संगणक चालू होतो पण पडद्यावर कांहीं दिसत नाहीं, आतां प्रथम काय कराल?' असें विचारल्याबरोबर गाडी अडते.

पाठांतर नकोच, असें माझें म्हणणें नाहीं. संकेतस्थळाशीं सुरक्षित बोलण्याचें पोर्ट ४४३, नांवाचा पत्ता शोधण्याचें ५३, दुरून दुसरा संगणक चालविण्याचें ३३८९. हें पाढ्यासारखें आलेंच पाहिजे. पण पाढे आले म्हणून उदाहरण सुटतें असें नाहीं. उदाहरण सुटण्यास रीत लागते, आणि ती रीत या परीक्षेनें सहा पायऱ्यांत बांधून दिलेली आहे. पहिली पायरी म्हणजे दोष नेमका काय तें ओळखणें, म्हणजे वापरणाराला विचारणें आणि अलीकडे काय बदललें याचा शोध घेणें. दुसरी पायरी संभाव्य कारणाचा तर्क करण्याची. त्यांतही जें अगदीं उघड आहे त्याचा संशय आधीं घ्यावयाचा. तिसरी, तो तर्क पडताळून पाहण्याची. चौथी, उपाय ठरवून तो अमलांत आणण्याची. पांचवी, सगळें यंत्र नीट चालतें कीं नाहीं हें पाहून पुन्हां तसें होऊं नये याची तजवीज करण्याची. आणि सहावी, जें आढळलें व जें केलें तें लिहून ठेवण्याची.

आमचे वैद्य असेंच करीत. आधीं रोग्याशीं बोलत, मग नाडी पाहत, मग तर्क करीत. आल्याबरोबर मात्रा उगाळीत नसत. सेवाकेंद्रांतील गृहस्थानें पहिल्या तीन पायऱ्या गाळून एकदम चौथीवर उडी मारली, म्हणून टोनरचे पैसे वायां गेले.

रीतीचें आणखी एक उदाहरण देतों, कारण तें परीक्षेंतही येतें आणि रोजच्या कामांतही. एका दुकानांतील संगणकावर इंटरनेट चालत नाहीं. अशा वेळीं यंत्राला त्याचा पत्ता विचारावा. त्यासाठीं 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा आहे. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ या आंकड्यांनीं होत असेल, तर त्याचा अर्थ असा कीं पत्ते वांटणारा कोणी यंत्राला भेटलाच नाहीं, म्हणून त्यानें आपल्या मनानें एक पत्ता धारण केला. मग वायर, वाय-फाय किंवा राउटर यांकडे पाहावें. पत्ता बरोबर असेल, तर 'पिंग' या आज्ञेनें पायरी-पायरीनें हांक मारीत जावें. प्रथम स्वतःस, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यास. मग घरांतील राउटरला. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यास. आणि शेवटीं एखाद्या संकेतस्थळाच्या नांवास. ज्या पायरीवर उत्तर येणें थांबतें, तेथें दोष दडलेला असण्याचा संभव सर्वांत अधिक. आंकड्यानें हांक पोंचते पण नांवानें पोंचत नाहीं, असें आढळलें तर रस्ता शाबूत आहे. नांवाचें आंकड्यांत रूपांतर करणारी व्यवस्था तेवढी बिघडली आहे. नळाला पाणी येत नसेल तर आपण आधीं तोटी पाहतों, मग टाकी, मग रस्त्यावरील नळ. त्यांतला हा प्रकार आहे.

आतां भाषेचा प्रश्न. ही परीक्षा मराठींत देतां येत नाहीं, आणि भोकर, उमरी, हिमायतनगर येथील मराठी माध्यमाच्या मुलामुलींना खरी भीति वाटते ती याचीच. ही भीति खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु परक्या भाषेंतून विद्या घेण्याचा प्रसंग मराठवाड्यावर प्रथमच आलेला नाहीं. हा सारा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेंत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें, आणि घरीं मराठी बोलणारे विद्यार्थी तेथें कायदा, गणित आणि शास्त्रें उर्दूंतून शिकत. त्यांच्यावर अन्याय होत होता हें खरें. पण त्यांनीं विद्या सोडली नाहीं. त्या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव १९९४ सालीं नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला दिलेलें आहे. आजच्या मुलांपुढील अडचण तितकी मोठी नाहीं. त्यांना इंग्रजीवर प्रभुत्व मिळवावयाचें नाहीं. एका धंद्यापुरते कांहींशें शब्द आणि प्रश्न विचारण्याची एक धाटणी ओळखीची करून घ्यावयाची आहे.

त्या धाटणींतील चार शब्द मी मुद्दाम सांगतों: फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट आणि मोस्ट लाइक्ली. म्हणजे सर्वांत आधीं, यानंतर, सर्वांत योग्य आणि सर्वांत संभाव्य. प्रश्नाखालील चारही उत्तरें पुष्कळदां बरोबर असतात. संगणकांत विषाणु शिरला असतां तो नेटवर्कपासून तोडणें बरोबर, विषाणुनाशक अद्ययावत् करून तपासणी करणें बरोबर, पुन्हां तसें होऊं नये म्हणून वापरणाराला समजावून सांगणें हेंही बरोबर. पण दोष निश्चित झाल्यावर 'आतां आधीं काय?' असें विचारलें असेल, तर यंत्र तोडून बाजूला करणें हेंच उत्तर. आणि 'शेवटीं काय?' असें विचारलें असेल, तर समजावून सांगणें. ज्याचें लक्ष या एका शब्दाकडे नाहीं, त्याला सारें येत असूनही त्याचे गुण जातात. म्हणून प्रत्येक प्रश्न वाचतांना हा शब्द प्रथम शोधण्याची संवय लावावी. नवा शब्द भेटला तर वहीच्या एका बाजूला तो लिहावा, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा नुसता प्रतिशब्द न लिहितां तो भाग काय काम करतो हें मराठींत एका वाक्यांत लिहावें. जें आपल्या भाषेंत एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, तें आपणांस समजलेलें नाहीं, असें खुशाल समजावें.

पुस्तकाइतकीच दुसरी गरज आहे ती उघडतां येईल अशा यंत्राची. घरांतील किंवा ओळखीच्या दुकानांतील एखादा निकामी संगणक मागून आणावा. बहुधा कोणी नाहीं म्हणत नाहीं. त्याचा प्रत्येक भाग काढावा, ओळखावा, पुन्हां बसवावा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांना टेबलावरील संगणकांत २८८ संपर्कबिंदु असतात. परंतु खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं. हें वाचून विसरतें, हातानें एकदां करून पाहिलें म्हणजे विसरत नाहीं. यंत्र उघडण्यापूर्वीं वीज तोडावी, आणि अंगावरील स्थिर विजेचा बंदोबस्त करावा. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. अशा हवेंत हा भार सहज सांचतो, आणि आपल्याला ज्याचा चटकाही जाणवत नाहीं, तेवढ्यानें एखादी चिप निकामी होऊं शकते. मनगटाला बांधावयाची पट्टी याचसाठीं असते.

विजेच्या बाबतींत तर आमच्या मुलांना शहरांतील मुलांहून अनुभव अधिकच. दाब एकाएकीं वाढला तर सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडतो; वीज गेली किंवा दाब खालीं आला तर यूपीएस लागतो; हा भेद पाठ करण्याची त्यांना गरज नाहीं, तो त्यांनीं भोगलेला असतो. मात्र लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर चालवूं नये, हें कित्येकांस ठाऊक नसतें. कारण आपण वर पाहिलेला तोच फ्यूजर. तापतांना तो फार वीज ओढतो.

दुसऱ्या परीक्षेंत कामाच्या रीतीला २१ टक्के आहेत, हें मी मघाशीं सांगितलें. माणसाशीं वागावें कसें, हा प्रश्नही त्यांतच येतो. वेळेवर जावें, समोरच्याचें बोलणें मध्येंच तोडूं नये, त्याला न समजणारे शब्द वापरूं नयेत, त्याच्या खासगी कागदपत्रांकडे पाहूं नये. हुशार विद्यार्थी हा भाग सोपा म्हणून सोडून देतात आणि तेथेंच फसतात. सेवाकेंद्रांत पीकविम्याचा अर्ज भरावयास आलेले एखादे वृद्ध शेतकरी म्हणतात, "बाळा, ह्या डब्यानं माझा अर्ज गिळला बघ." यावर हंसणारा तंत्रज्ञ परीक्षेंतही चुकतो आणि धंद्यांतही. "काका, शेवटीं पडद्यावर काय दिसलं होतं तेवढं आठवून सांगा," असें जो म्हणतो, त्यानें पहिली पायरी न कळत ओलांडलेली असते.

तयारीला किती काळ लागतो? रोज दोन तास मनापासून देणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन्ही परीक्षांसाठीं मिळून पांच-सहा महिने धरावेत, असें मला वाटतें. दोन्हींचा अभ्यास एकदम करूं नये. पहिलीचा अभ्यास पुरा करून ती द्यावी आणि मग दुसरीकडे वळावें. दोन तासांतला अर्धा वेळ वाचनाला, अर्धा हातांनीं करण्याला. प्रोफेसर मेसर या नांवानें प्रसिद्ध असलेली इंग्रजी व्याख्यानमाला इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळते. गूगलनें २०१८ सालीं सुरू केलेला आयटी सपोर्टचा अभ्यासक्रमही पाया घालण्यास चांगला आहे. आठवड्यांतून एकदां घड्याळ लावून नव्वद मिनिटांची चांचणी सोडवावी, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढें कां चुकलें तें लिहावें. शब्द समजला नाहीं म्हणून, रीत ठाऊक नव्हती म्हणून, कीं घाई केली म्हणून? ही तीन कारणें निरनिराळीं, आणि त्यांचे उपायही निरनिराळे. कांहीं प्रश्नांत उत्तर निवडावयाचें नसून पडद्यावर प्रत्यक्ष जुळणी करावयाची असते. ते पुष्कळदां आरंभींच येतात आणि वेळ खातात. त्यांना खूण करून पुढें जावें आणि शेवटीं परत यावें.

घरीं बसून कॅमेऱ्यासमोर ही परीक्षा देण्याचीही सोय आहे. त्यासाठीं खोलींत दुसरें कोणी असून चालत नाहीं, आणि वीज व इंटरनेट यांचा भरंवसा लागतो. ज्या घरांत हें जमणार नाहीं, त्यांनीं प्रवासाचा त्रास सोसून परीक्षाकेंद्र गांठावें हें बरें.

आतां पालकांशीं दोन शब्द. या परीक्षांचें शुल्क निरनिराळें भरावें लागतें, आणि दोन्ही मिळून तें हजारों रुपयांच्या घरांत जातें. अनुत्तीर्ण झाल्यास तें पुन्हां भरावें लागतें. दुसऱ्यांदाही अपयश आल्यास पुढील प्रयत्नापूर्वीं चौदा दिवस थांबावें लागतें. म्हणून एखादा शिकवणीवाला 'खरे प्रश्न आधींच देतों, पास होण्याची हमी' असें म्हणूं लागला, तर मोह होणें स्वाभाविक आहे. त्या मोहाला बळी पडूं नका. असे चोरलेले प्रश्न वापरणें हें परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे, आणि उघडकीस आल्यास निकाल रद्द होतो. पण उघडकीस न आलें तरी नुकसान टळत नाहीं. प्रमाणपत्र भिंतीवर लागतें. नोकरीच्या मुलाखतींत कोणी एक बिघडलेला लॅपटॉप पुढें ठेवतो, आणि त्या क्षणीं भिंतीवरील कागद मदतीला येत नाहीं.

हें प्रमाणपत्र मिळालें म्हणजे नोकरी हातीं आली, असेंही कोणी समजूं नये. पुणें-हैदराबादकडील मदतकक्षांत पहिल्या पायरीच्या जागेसाठीं त्याचा उपयोग होतो. तें दार उघडतें, पण आंत चालावें लागतें आपणांसच. ज्या घरांत शुल्काची तरतूद सध्यां होण्यासारखी नाहीं, तेथेंही अभ्यास थांबवूं नये. अभ्यासपत्रिका फुकट आहे, व्याख्यानें फुकट आहेत, आणि बिघडलेलीं यंत्रें गांवांत पुष्कळ आहेत. सहा महिने ज्यानें अशा यंत्रांवर त्या सहा पायऱ्या गिरविल्या आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहींत केली, त्याची ती वही म्हणजेच अर्धें प्रमाणपत्र होय. पुढें पैसे जमले कीं उरलेलें अर्धें घेतां येतें.

आणि तोंवर पुढचा जून येईल. सेवाकेंद्रापुढें पुन्हां रांग लागेल, पुन्हां एखाद्या दाखल्यावरील अक्षरें बोटाला लागतील. त्या वेळीं रांगेंतीलच कोणी मुलगा किंवा मुलगी पुढें होऊन म्हणेल, "काका, टोनर आणूं नका. आधीं फ्यूजर तापतो का तें पाहूं." माझ्या मतें ती परीक्षा त्याच दिवशीं उत्तीर्ण झाली.